यंत्राची नजर आणि माणसाचा हात

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड नावाचे गाव आहे. वर्धा शहरापासून ते सुमारे साठ किलोमीटर अंतरावर वसलेले आहे. गावाजवळच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या तेथे दर्शनास येत आले आहेत. या टेकडीवर गोल, लहान-मोठ्या फळांसारखे दिसणारे दगड सापडतात. त्यांच्याविषयी एक दंतकथा सांगितली जाते. दोन फिरते व्यापारी नारळ व इतर माल घेऊन या वाटेने चालले असता त्यांनी बाबांची थट्टा केली; तेव्हा बाबांच्या शापाने त्यांचा सारा माल जागच्या जागी दगड होऊन गेला, असे म्हणतात.

भूगर्भशास्त्र मात्र या दगडांची उपपत्ती निराळी सांगते. अतिप्राचीन काळी या प्रदेशात लाव्हारस पसरला व तो थंड होऊन त्याचा काळा खडक बनला. अशा खडकात झिओलाइट जातीच्या खनिजांच्या गाठी तयार झाल्या आणि भोवतालचा खडक झिजल्यावर त्या उघड्या पडल्या. म्हणजे जे फळ दिसते ते फळ नव्हे. नुसत्या आकारावरून निर्णय करणारा येथे फसतो. दगड हाती घेऊन, त्याचे वजन पाहून, प्रसंगी तो फोडून पाहणारा मात्र खरे काय ते जाणतो.

वैद्यकशास्त्रापुढेही नेहमी हाच प्रश्न उभा असतो. बाहेरून दिसते एक आणि आत असते दुसरेच. समजा, एखादी शेतमजूर स्त्री कापूस वेचण्यास जाते. दोन आठवड्यांपासून तिला खोकला आहे. ‘साधे पडसे आहे, जाईल,’ असे म्हणून ती दिवस ढकलते. कारण मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे पदरचे जाते. तो खोकला पडशाचाच असेल तर चिंता नाही. परंतु तो क्षयरोगाचा असेल, तर दिवसेंदिवस तिचे फुफ्फुस पोखरले जाते आणि घरातील मुलाबाळांनाही त्या रोगाची बाधा होण्याचा संभव असतो. क्षयरोग लवकर ओळखला, तर औषधाने तो बरा होतो. उशिरा ओळखला, तर जिवावर बेततो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोगी आपल्या देशात आहेत. तेव्हा हा रोग वेळीच ओळखणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शरीराच्या आत डोकावता यावे म्हणून मानवाने पूर्वीपासून निरनिराळी साधने शोधून काढली. १८१६ साली लेनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने कागदाची गुंडाळी करून तिच्यातून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले. डॉक्टरांच्या गळ्यात आज दिसणाऱ्या नळीचा जन्म त्यातूनच झाला. १८९५ साली राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाच्या छातीतील हाडे व फुफ्फुसे चित्रात पाहता येऊ लागली. परंतु चित्र मिळाले म्हणजे निदान झाले, असे नाही. काळ्या-पांढऱ्या छायांतून रोगाची छाया कोणती व निरोगी छाया कोणती, हे ओळखण्यास वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. असे तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात. खेड्यापाड्यांत ते क्वचितच आढळतात. चित्र खेड्यात आणि ते वाचणारा शहरात, अशी ही अडचण आहे.

ही अडचण दूर करण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले जाऊ लागले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे यंत्रात बसलेला कोणी अदृश्य माणूस नव्हे. संगणकाला असंख्य उदाहरणे दाखवून एखादी गोष्ट ओळखावयास शिकविण्याची ती एक रीत आहे. लहान मूल कडुनिंबाचे पान कसे ओळखू लागते? कोणी त्याला पानाची व्याख्या पाठ करून घेत नाही. आई पान दाखवते आणि नाव सांगते. मूल कधी चुकते. आई ती चूक सुधारते. पुष्कळ पाने पाहिल्यावर मुलाची नजर आपोआप तयार होते. संगणकाचेही बव्हंशी असेच आहे. तज्ज्ञांनी तपासलेली छातीची हजारो क्ष-किरण चित्रे त्याला दाखविली जातात. ‘यात क्षयाची खूण आहे’, ‘यात नाही’, असे प्रत्येक चित्राबरोबर सांगितलेले असते. संगणक प्रथम अंदाज करतो. अंदाज चुकला की त्याच्या आतील आकडेमोड थोडी बदलली जाते. असे लक्षावधी वेळा घडले म्हणजे नवीन, पूर्वी न पाहिलेल्या चित्राविषयीही तो बराचसा अचूक अंदाज करू लागतो.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने, पंधरा वर्षांच्या व त्याहून मोठ्या व्यक्तींची क्षयरोगासाठी चाळणी करताना अशा संगणकीय वाचनाचा उपयोग करता येईल, अशी शिफारस केली. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीने छातीचे चित्र वाचणारी अशीच एक प्रणाली तयार केली असून ती अनेक देशांत वापरली जाते. ७ डिसेंबर २०२४ रोजी भारतात क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. तीत हातात धरता येण्याजोगी क्ष-किरण यंत्रे लोकांच्या वस्तीपर्यंत नेण्यात आली आणि चित्रे वाचण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्यात आले. रोग्याने दवाखान्याकडे जाण्याऐवजी दवाखानाच रोग्याच्या दाराशी यावा, हा त्यामागील हेतू होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. यंत्र ‘हिला क्षय झाला आहे’ असा निकाल देत नाही. ते केवळ संशय किती आहे हे एका अंकाने दाखविते. अंक ठरावीक मर्यादेच्या वर गेला, की त्या व्यक्तीची थुंकी तपासण्यास पाठविली जाते आणि रोगजंतू आहेत की नाहीत हे त्या तपासणीतून ठरते. मग ही मर्यादा कोठे ठेवावी? ती फार खाली ठेवली, तर अनेक निरोगी माणसांना उगीच धास्ती बसते व तपासणीचा खर्च वाढतो. ती फार वर ठेवली, तर काही खरे रोगी ‘निरोगी’ म्हणून घरी परत जातात. कोणती चूक अधिक घातक, याचा विचार यंत्राला करता येत नाही. तो विचार माणसानेच करावयाचा असतो. कारण चुकीचे फळ माणसालाच भोगावे लागते.

क्षयरोगाप्रमाणेच मधुमेहातही या विद्येचा उपयोग होऊ लागला आहे. मधुमेह दीर्घकाळ राहिला, तर डोळ्याच्या आतील पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात आणि रोग्याच्या नकळत त्याची दृष्टी जाऊ लागते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे १,२८,००० नेत्रचित्रे संगणकाला शिकविण्यासाठी वापरण्यात आली. त्यांची पारख ५४ नेत्रवैद्यांनी केली होती आणि त्या चित्रांत भारतातील रुग्णालयांतील चित्रेही होती. पुढे मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने अशा प्रणालीचा प्रत्यक्ष उपयोग सुरू केला. डोळ्याचे छायाचित्र घेतल्यावर कोणास नेत्रवैद्याकडे तातडीने पाठवावे, हे त्यामुळे लवकर समजू लागले.

परंतु याच प्रणालीची थायलंडमधील दवाखान्यांत परीक्षा घेतली असता एक निराळाच अनुभव आला. प्रयोगशाळेत उत्तम चालणारे यंत्र तेथील खोल्यांतील अपुऱ्या प्रकाशात घेतलेली कित्येक चित्रे ‘अस्पष्ट आहेत’ म्हणून नाकारू लागले. काही ठिकाणी इंटरनेटचा वेग मंद असल्याने रोग्यांना ताटकळत बसावे लागले. यंत्राची विद्या खोटी नव्हती. परंतु ज्या जागी ती वापरावयाची, त्या जागेचा विचार आधी झालेला नव्हता.

यंत्राची दुसरी मर्यादा त्याच्या शिक्षणातच आहे. त्याने जी उदाहरणे पाहिली, तेवढेच त्याचे जग. ज्या लोकांची चित्रे त्यास फारशी दाखविली गेली नाहीत, त्यांच्या बाबतीत ते चुकण्याचा संभव अधिक. म्हणूनच लहान मुलांसाठी वरील शिफारस करण्यात आली नाही. त्यांच्या बाबतीत पुरेसा पुरावा हाती आलेला नव्हता. पूर्वी क्षय होऊन बरा झालेला असला, तरी त्याचा व्रण फुफ्फुसावर राहतो आणि यंत्राला तो नवा रोग वाटू शकतो. गिरडच्या टेकडीवरील दगड जसे फळासारखे दिसतात, तसाच हा प्रकार आहे. आकार सारखा, वस्तू निराळी. अशा वेळी ‘तुम्हांला पूर्वी हा आजार झाला होता का?’ हा साधा प्रश्न विचारणारा आणि उत्तर लक्षपूर्वक ऐकणारा माणूस जवळ असावा लागतो.

रोग ओळखल्यावर उपचाराचा प्रारंभ होतो. साध्या क्षयरोगाचे औषध सामान्यतः सहा महिने घ्यावे लागते. थोडे बरे वाटताच औषध सोडले, तर रोग उलटतो आणि पुढे तीच औषधे लागू पडेनाशी होतात. औषधाबरोबर सकस अन्नही हवे. यासाठी २०१८ सालापासून शासन क्षयरोग्यांना दरमहा ५०० रुपये देऊ लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. परंतु गोळी वेळेवर घेतली की नाही, घरात चूल पेटली की नाही, शेजाऱ्यांनी रोग्याशी बोलणे तर टाकले नाही ना, हे पाहण्यास गावातील आशाताईच दारी जातात. क्ष-किरण चित्रात यांपैकी काहीच उमटत नाही.

याच वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे या गोष्टीचा एक थोर दाखला आहे. परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे एक विद्वान पंडित होते. त्यांना कुष्ठरोग जडला. त्या काळी या रोगावर आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते आणि लोक कुष्ठरोग्याची सावलीही टाळीत. १९३९ साली परचुरेशास्त्री सेवाग्रामच्या आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ कुटी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांची शुश्रूषा करू लागले. आपल्या अनेक कामांतून वेळ काढून ते शास्त्रीबुवांच्या अंगाला मालिश करीत. ती परचुरे कुटी सेवाग्रामला आजही पाहावयास मिळते. त्या सेवेने रोगजंतू नाहीसे झाले नसतील. परंतु ‘मी टाकून दिलेला माणूस नाही’ हा विश्वास रोग्याला मिळाला. याच सेवाग्रामात १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेथे डॉक्टर होऊ इच्छिणारे विद्यार्थी खेड्यात राहून तेथील कुटुंबांच्या आरोग्याचा अभ्यास करतात. रोगी केवळ चित्र नव्हे, त्याच्यामागे घर आहे, शेत आहे, सुखदुःख आहे, हे त्यांना तेथे शिकावयास मिळते.

तेव्हा यंत्र मोठे की माणूस, असा वाद घालण्यात अर्थ नाही. यंत्र थकत नाही; शंभरावे चित्रही ते पहिल्या चित्राइतक्याच सावधपणे पाहते. तज्ज्ञ जेथे पोहोचत नाही, तेथे ते पोहोचू शकते. कापूस वेचणाऱ्या त्या स्त्रीच्या गावी असे यंत्र आले, तर तिची मजुरी न बुडता तिचा रोग वेळीच उघडकीस येईल. ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्या अंकाचा अर्थ तिला तिच्या भाषेत समजावून सांगणे, तिचा धीर सुटू न देणे आणि ती बरी होईपर्यंत तिची साथ न सोडणे, ही कामे माणसाचीच आहेत. यंत्राने नजर द्यावी आणि माणसाने हात द्यावा. दोहोंचा मेळ जमला, म्हणजेच खरे आरोग्य खेड्यातील शेवटच्या घरापर्यंत जाऊन पोहोचेल.

स्वाध्याय

१. गिरडच्या टेकडीवरील दगडांविषयी दंतकथा काय सांगते व भूगर्भशास्त्र काय सांगते?
२. संगणकाला क्ष-किरण चित्र वाचावयास कसे शिकविले जाते?
३. संशयाच्या अंकाची मर्यादा फार खाली किंवा फार वर ठेवल्यास काय घडेल?
४. थायलंडमधील अनुभवावरून कोणता बोध घ्यावा?
५. ‘यंत्राने नजर द्यावी आणि माणसाने हात द्यावा’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
६. वाक्यांत उपयोग करा : दिवस ढकलणे, जिवावर बेतणे, ताटकळत बसणे, धीर सुटणे.
७. आपल्या गावातील आशाताईंना किंवा परिचारिकांना भेटून त्यांच्या एका दिवसाच्या कामाची माहिती दहा-बारा ओळींत लिहा.