बारा बटणांचा अभ्यास

मोबाईल फोनावरील बटणें आपण दिवसांतून किती वेळां दाबतों, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. ज्या घरांत सर्वांच्या हातीं कांचेच्या पडद्याचे फोन आले आहेत, तेथील मुलें तर विचारतील, "बटणें आतां राहिलीं आहेत कोठें?" परंतु मालवण, देवबाग, सर्जेकोट, निवती या आमच्या किनाऱ्यावरील वाड्यांतून आजीच्या उशाशीं किंवा मासेमारीस निघालेल्या माणसाच्या खिशांत बटणांचा साधा फोन अजूनहि आढळतो. जी वस्तु आपण जुनी म्हणून बाजूस सारतों, तिचें शास्त्र आधीं नीट समजून घ्यावें, या हेतूनें आम्ही हा विषय वाचकांपुढें ठेवीत आहों.

अंकांचीं बटणें दहा, आणि त्यांच्या जोडीस स्टार व हॅश हीं दोन, मिळून बारा. कॅल्क्युलेटरवर ७, ८, ९ हे अंक वरच्या ओळींत असतात. फोनावर मात्र १, २, ३ वर असतात. हा भेद कां? पूर्वीं टेलिफोनाच्या तबकडींत बोट घालून ती फिरवावी लागे. तिच्या जागीं बटणें आणण्यापूर्वीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९६० च्या सुमारास निरनिराळ्या मांडण्या लोकांकडून वापरवून पाहिल्या. वेग, चुका आणि लोकांची पसंती यांचा विचार होऊन सांप्रतची मांडणी ठरली, व १९६३ सालीं बटणांचा टेलिफोन लोकांच्या हातीं आला. आतां ५ च्या बटणावरून बोट फिरवून पहा. तेथें बारीकसा उंचवटा लागेल. पांच सांपडला कीं वर २, खालीं ८, डावीकडे ४ आणि उजवीकडे ६. अंधाऱ्या खोलींत, किंवा ज्यांना दृष्टीच नाहीं त्यांना, तो एक ठिपका बाराहि बटणांची वाट दाखवितो.

बटणाखालीं रबराची किंवा पातळ धातूची लहानशी घुमटी असते. ती दाबली म्हणजे खालील दोन तारांचा संयोग होतो. बोट उचलतांच घुमटी पुन्हां वर येते. बारा बटणांस बारा निराळ्या तारा मात्र लागत नाहींत. चार आडव्या व तीन उभ्या अशा सात तारा पुरतात, आणि जाळ्याच्या गांठीप्रमाणें प्रत्येक बटण एका आडव्या व एका उभ्या तारेच्या भेटीच्या जागीं बसतें. बटणांचा आवाजहि असाच जोडीचा असतो. ५ म्हणजे सेकंदास ७७० कंपनांचा एक सूर व १३३६ कंपनांचा दुसरा. गॅसची टाकी नोंदवितांना "एक दाबा, दोन दाबा" असें ऐकूं येतें, तेव्हां पलीकडील यंत्र या जोडसुरांवरूनच आपलें उत्तर ओळखतें.

अंकांसाठीं केलेल्या या बटणांवर पुढें अक्षरांचेंहि ओझें पडलें. ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत पहिला लघुसंदेश पाठविला गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा, 'मेरी ख्रिसमस' असा होता. तो संगणकावर लिहिला होता, कारण त्या वेळच्या फोनांत लिहिण्याची सोय नव्हती. तोच संदेश पुढील काळांतील बटणांच्या फोनावर लिहिला असता तर? इंग्रजी अक्षरें त्यांत वर्णक्रमानें मांडलेलीं असतात. २ वर ए, बी, सी, ३ वर डी, ई, एफ, आणि याप्रमाणें ९ पर्यंत. ए हवें तर एकदां दाबावें, सी हवें तर तीनदां. विद्यार्थ्यांनीं मोजून पहावें: त्या दोन शब्दांत अक्षरें १४, पण दाब ३४ लागतात. त्यांतहि एस या अक्षरास चार दाब, आणि क्वचित् लागणाऱ्या जे या अक्षरास एकच! याचें कारण असें कीं, हीं अक्षरें बटणांपूर्वीं तबकडीवरच आलीं होतीं, तीं टेलिफोन केंद्रांच्या नांवांसाठीं. कोणी पुढें त्यांवर सबंध पत्रें लिहील, हें मांडणाऱ्यांच्या स्वप्नींहि नव्हतें.

आमच्या मराठीची अडचण याहून मोठी. इंग्रजी लघुसंदेशांत १६० अक्षरें मावतात. देवनागरींत ७० चिन्हें झालीं कीं संदेश भरला, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी हीं प्रत्येकीं निराळीं मोजलीं जातात. देवनागरीची सोय असलेल्या कित्येक फोनांत वर्णमालेचे वर्गच बटणांवर बसविले होते. ही योजना सुबोध खरी, परंतु प-वर्गांतील शेवटचा 'म' पांचव्या दाबास हातीं येई. 'मालवण' लिहूं जाणारा पहिल्याच अक्षरास थकला तर नवल काय? म्हणूनच पुष्कळांनीं आपली भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याचा आडमार्ग धरला. कांचेच्या पडद्यानें ही अडचण दूर केली, हें त्याचें ऋण आपण मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

तथापि कांचेसहि मर्यादा आहेत. तिच्याखालीं सूक्ष्म विद्युत्क्षेत्र असतें. बोट जवळ आलें कीं त्यांत पालट होतो, आणि त्यावरून फोनास स्पर्श कळतो. पाणी, विशेषतः खारें पाणी, हेंहि विजेचें वाहक. म्हणून पावसाचे थेंब पडले, किंवा रापण ओढून ओल्या झालेल्या हातांनीं कांचेस स्पर्श केला, तर तिचा गोंधळ उडतो. बटणास केवळ दाब कळतो. हात ओला कीं कोरडा याची तें चौकशी करीत नाहीं. बटणांच्या फटींतून खारें पाणी आंत शिरल्यास आंतील धातु गंजतो, हा त्याचा दोषहि सांगितला पाहिजे. मे २०२१ मधील तौक्ते वादळांत या जिल्ह्याची वीज खंडित झाली. अशा वेळीं एकदां भारित केल्यावर कित्येक दिवस टिकणारा साधा फोन कामीं येतो. अर्थात् मोबाईलचा मनोराच बंद पडला, तर दोन्ही फोन सारखेच मुके.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बटण किती वेळां दाबलें जातें, यावरून त्याची योग्यता ठरवावी काय? होडीवाला नांगर दिवसांतून किती वेळां टाकतो, यावरून आपण नांगराची किंमत करीत नाहीं. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें साध्या फोनावरील ५ किंवा ९ चें बटण दाबून धरलें असतां संकटकालीन हांक जावी, अशी सोय फोन बनविणाऱ्यांनीं करावयाची आहे. ११२ हा मदतीचा क्रमांक तीन दाबांत लागतो. समुद्रांतील संकटासाठीं तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चार दाबांत. मार्च २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें साध्या फोनांसाठीं 'यूपीआय १२३पे' ही योजना सुरू केली. तिच्या योगें ज्यांच्यापाशीं कांचेचा फोन नाहीं, त्यांनाहि पैसे देतां घेतां येतात. हे दाब संख्येनें थोडे आहेत, परंतु त्यांतील एखाद्यावर कोणाचा जीव, तर कोणाचा निर्वाह अवलंबून असतो.

विद्यार्थिमित्रांनो, या सुट्टींत एक अभ्यास करा. घरांतील वडील माणसें एका दिवसांत कोणतें बटण किती वेळां दाबतात, याची त्यांच्या संमतीनें नोंद ठेवा. बहुधा थोडींच बटणें वारंवार लागतात आणि बाकीचीं क्वचित्, असें आढळेल. मग त्या क्वचित् लागणाऱ्यांची ओळख त्यांस करून द्या. ५ वरील ठिपका त्यांच्या बोटास दाखवा. संकटकालीन बटण कोणतें तें समजावून सांगा. मात्र थट्टेनें तें दाबूं नका, कारण त्याच क्षणीं खऱ्या संकटांतील कोणी त्या मार्गानें हांक मारीत असेल. मुंबईहून चाकरमानी मुलगा आईसाठीं नवा फोन आणतो, तेव्हां त्याचा हेतु चांगलाच असतो. परंतु जुना काढून घेण्यापूर्वीं तिच्या बोटांना नवा समजला कीं नाहीं, हें त्यानें पहावें. जी आई अंधारांत न पाहतां मुलाचा क्रमांक लावीत होती, ती नव्या फोनापुढें हतबल होऊन बसली, तर त्या भेटीनें तिचें काय साधलें? पालकांनीं व पाल्यांनीं या गोष्टीचा एकत्र बसून विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.