दिवसभराचे प्रात्यक्षिक चित्रित करताना कॅमेऱ्याची निवड

दिल्ली दूरदर्शनवर २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषी दर्शन' सुरू झाले आणि पुढे मुंबई केंद्राच्या 'आमची माती, आमची माणसं' या कार्यक्रमाने मराठी शेतकऱ्याला पडद्यावर शेती पाहण्याची सवय लावली. त्या काळी चित्रण हे दूरदर्शनच्या लोकांचे काम होते. आज शेतकरी गट, रोपवाटिकाधारक व महिला बचत गट स्वतःच प्रशिक्षण वर्ग, शिवारफेरी किंवा छाटणीचे प्रात्यक्षिक चित्रित करून ठेवू इच्छितात. मात्र पाच मिनिटांचे चित्रण आणि सलग पाच-सहा तासांचे चित्रण यांत मोठा फरक आहे. दुकानात हा फरक सहसा कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखकाला हा धडा शेंदुरजना घाट (ता. वरूड, जि. अमरावती) येथे मिळाला. संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. डोळे बांधण्यात हयात घालवलेले एक वयस्क कारागीर जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधावा हे दाखवीत होते. ओळखीच्यांकडून आणलेला फोटोचा महागडा कॅमेरा तिपाईवर लावला व आम्ही निर्धास्त बसलो. जमिनीपासून वीतभर वर टी आकाराचा छेद, साल सुटते की नाही याची पारख, डोळकाडीवरून डोळा काढणे, पॉलिथिनची पट्टी गुंडाळताना अंगठ्याचा दाब, असे सर्व त्यांनी सावकाश समजावून दिले. संध्याकाळी पाहतो तो चित्रण अर्ध्या तासाला बंद पडलेले. पट्टी बांधण्याचा भाग त्यात नव्हताच.

कॅमेरा अर्ध्या तासात का थांबतो?

कॅमेऱ्यात बिघाड नव्हता. युरोपात तीस मिनिटे किंवा त्याहून अधिक सलग चित्रण करणारे यंत्र 'व्हिडिओ कॅमेरा' समजले जाई व त्यावर जादा आयात शुल्क पडे. ते टाळण्यासाठी अनेक उत्पादकांनी फोटोच्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा घातली आणि तेच कॅमेरे आपल्याकडेही आले. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ही मर्यादा राहिलेली नाही, परंतु जुन्या बाजारात स्वस्त मिळणाऱ्या कॅमेऱ्यांत ती हमखास आढळते.

दुसरे कारण उष्णता. सलग चित्रणात आतील भाग तापतात व कॅमेरा स्वतःला वाचविण्यासाठी बंद होतो. घरगुती कॅमेरे साधारणपणे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात. आपल्या विदर्भातील मे महिना त्यांच्या हिशेबात धरलेलाच नसतो! तिसरे कारण कार्डाच्या जुन्या मांडणीचे. तीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. चांगले यंत्र अशा वेळी आपोआप दुसरी फाईल सुरू करते, काही जुनी यंत्रे मात्र तेथेच थांबतात.

कोणते यंत्र घ्यावे?

एक-दीड तासाच्या कामासाठी नवीन काहीही घेऊ नये. घरातील मोबाईल पुरेसा आहे. चित्रणापूर्वी तो फ्लाइट मोडवर टाकावा, कारण मध्येच फोन आल्यास अनेक मोबाईलवर चित्रण थांबते. मोबाईल सावलीत ठेवावा व जाड कव्हर काढून टाकावे. रुपये खर्चायचेच असतील तर आधी भक्कम तिपाई व कॉलरला लावायचा माइक घ्यावा. चित्र थोडे मंद असले तरी चालते, पण वाऱ्याच्या घोंगावण्यात बोलणे हरवले तर चित्रणाचा उपयोग राहत नाही.

दिवसभराच्या वर्गासाठी हातात धरावयाचा जुना कॅमकॉर्डर हाच आमच्या मते सर्वात किफायतशीर पर्याय होय. लग्नाचे चित्रण करणाऱ्यांनी टाकून दिलेले असे कॅमेरे चांगल्या स्थितीत मिळतात. हे यंत्र तासन् तास चालण्यासाठीच बनविलेले असते, झूम उत्तम असते आणि ते थेट विजेच्या अडॅप्टरवर चालते. मात्र कॅसेटवर चालणारा कॅमेरा घेऊ नये. मिनी डीव्ही कॅसेट साधारणपणे तासाभरातच संपते व ती आता सहज मिळतही नाही. कार्डावर चालणाराच पाहावा, व त्यात माइकची जागा आहे याची खात्री करावी. खेळाडू डोक्याला बांधतात ते लहान कॅमेरे आकर्षक दिसतात, पण त्यांची बॅटरी थोडी व तापण्याची खोड मोठी. या कामासाठी ते घेऊ नयेत.

बागेतील संत्राचोरी किंवा रानडुकरांचा उपद्रव पाहण्यासाठी रात्रंदिवस चित्रण हवे असल्यास वरीलपैकी काहीच उपयोगी नाही. तेथे सीसीटीव्ही कॅमेरा व हार्ड डिस्कचा रेकॉर्डरच लावावा. २ मेगाबिट वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर एका कॅमेऱ्याचे सुमारे ४६ दिवसांचे, तर चार कॅमेऱ्यांचे अवघे ११ दिवसांचे चित्रण राहते. त्यानंतर जुन्यावर नवे चढते. चोरी झाल्यास तक्रारीपूर्वीच तो भाग पेनड्राइव्हवर काढून घ्यावा.

कार्ड व वीज यांचा हिशेब

चित्रणाचा वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो. त्याला ८ ने भागून ३६०० ने गुणले की तासाला किती एमबी लागतात ते कळते. ८ मेगाबिटला तासाला ३.६ जीबी लागतात, म्हणून आठ तासांसाठी २८.८ जीबी. येथे ३२ जीबीच्या कार्डावर विसंबू नये, ६४ जीबीचे घ्यावे. १७ मेगाबिटला आठ तासांचे ६१ जीबी होतात, तेथे १२८ जीबीचे. 'फोर के'चा मोह टाळावा. जागा व उष्णता दोन्ही वाढतात, आणि डोळा बांधताना पाहण्यासाठी साधे १०८० भरपूर आहे.

कार्ड 'क्लास १०' असावे. बाजारात नकली कार्डे फार आहेत. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून व परत वाचून पाहिल्याशिवाय कामाला लावू नये.

भारनियमनाच्या गावी पॉवर बँक सोबत ठेवावी. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, त्यातील दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे २५, हाती येतात. ४ वॅट घेणारे यंत्र त्यावर सहा तास चालते. मात्र कॅमकॉर्डर पॉवर बँकेवर चालतो का, हे आधी विचारावे. बऱ्याच जुन्या यंत्रांना वेगळा दाब लागतो.

सभागृहात ट्यूबलाइटखाली चित्र थरथरत असेल तर शटर १/५० वर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

विकत घेण्यापूर्वी

सीताबर्डीच्या दुकानात किंवा जुन्या बाजारात विक्रेता दोन मिनिटे चालवून दाखवितो. तेवढ्यावर समाधान मानू नये. स्वतःचे कार्ड घालून किमान एक तास सलग चालवून पाहावे. तसे करू न देणाऱ्याकडून यंत्र घेऊ नये. आम्ही पुढे घेतलेला कॅमकॉर्डर प्रताप नगरातील घरी, मे महिन्याच्या दुपारी, कूलर बंद ठेवून चार तास चालवला. तो तापला, पण थांबला नाही.

त्याच यंत्राने पुढच्या हिवाळ्यात शेंदुरजना घाटला पुन्हा गेलो. त्या कारागिरांची नजर तोवर अधू झाली होती. ते बाजेवर बसून सांगत राहिले व पुतण्याने डोळे बांधले. पट्टीचा शेवटचा वेढा कुठे घ्यावा यावर दोघांचा चांगला अर्धा तास वाद झाला, तो सर्व चित्रणात आहे. त्याच रात्री फाईलवर गाव व तारीख घालून एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर ठेवली, आणि मगच कार्ड पुसले.