दुर्गम भागातून दुर्गम बेटावर

पोरी, अंगाची हळद उतरायच्या आत तुम्ही दोघं अंदमानला निघालात, तेही हॅवलॉकच्या समुद्राकाठच्या बड्या रिसॉर्टात. छान केलंत. तुझ्या बाबांनी त्या रिसॉर्टची रंगीत पुस्तिका मला आणून दाखवली. गर्दी नाही, गोंगाट नाही, फोनचा त्रास नाही, असं मोठ्या अक्षरांत छापलंय. बाप्पा! एवढंच पाहिजे होतं तर आपल्या जिल्ह्यातल्या लाहेरीला फुकटात मिळालं असतं.

पण जा. दुर्गम म्हणजे काय, हे तुला वेगळं शिकवायला नको. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, हे ऐकतच तू मोठी झालीस. मोठ्या शहरातली माणसं एकांताचे पैसे मोजतात आणि एक बोट रद्द झाली की काउंटरवर जाऊन भांडतात. तू भांडणार नाहीस, याची मला खात्री आहे. जावईबापूंचं अजून ठाऊक नाही. म्हणून हे दोघांनी मिळून वाचा.

१. तिकिटावर आधारकार्डावरचंच नाव घाल, माहेरचं असलं तरी – विमानतळावरच्या शिपायाला तुझी लग्नपत्रिका वाचायची हौस नसते.

२. नकाशात हॅवलॉक दिसलं नाही तर गोंधळू नको – ३० डिसेंबर २०१८ ला त्याचं स्वराज द्वीप झालं, नील बेटाचं शहीद द्वीप झालं, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनीच नावं आहेत.

३. घरून एक दिवस आधी निघा – आलापल्लीच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांमागे अडकलात तर विमान काही तुमची वाट पाहणार नाही. वांगेपल्लीच्या पुलावरून प्राणहिता ओलांडून कागजनगर गाठलं, तिथून रेल्वेने हैदराबाद केलं, की जिवाची धावपळ वाचते.

४. येताना शेवटची रात्र बेटावर काढू नका, श्री विजयपुरमला काढा – वारा फिरला की बोट सुटत नाही, मग खोली कितीही महागाची असो. बोट चुकली तर दिवस जातो, विमान चुकलं तर महिन्याचा पगार.

५. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून घे आणि बोट सुटायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोटात जाऊ दे – समुद्रात पोचल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच मिळते. पोट रिकामंही नको, तुडुंबही नको, आणि जागा मधली, खालच्या मजल्यावरची माग.

६. पैसे भरताना ‘जेवण धरून?’ एवढंच विचारून थांबू नका, सीपी, एमएपी की एपी ते लिहून घ्या – सीपीत फक्त नाश्ता असतो, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत तिन्ही वेळचं. बेटावर गहू-तांदळापासून बरंच काही बोटीने येतं, त्यामुळे वरच्या जेवणाचं बिल भलतंच होतं.

७. लॉबस्टर मागवायचा असेल तर आधी वजन, मग भाव, मग चूल – तो नगावर नाही, ग्रॅमवर विकतात. न विचारलेला दर नेहमी चढाच असतो.

८. पोचल्यावर हातात ‘वेलकम ड्रिंक’ देतील, ते काय आहे ते विचार – बहुधा शहाळं नाहीतर सरबत असतं, पण तू १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातली, उगाच अंदाजाने पिऊ नको. जावईबापूंनी काय प्यावं ते मी सांगणार नाही. पण पिऊन पाण्यात उतरायचं नाही, हे मात्र आत्याने सांगितलं म्हणून सांग – समुद्राला सासरा-जावई कळत नाही.

९. नवीन लग्न झालंय हे आठ दिवस आधी ईमेलने कळव – केक, फुलं, कधी चांगली खोली, हे सगळं आधी सांगणाऱ्याला मिळतं. आयत्या वेळी सांगणाऱ्याला नुसतं अभिनंदन.

१०. खोली देताना दोन गोष्टी बघून घे: स्वयंपाकघराची वाट आणि जनरेटरची जागा – पहाटे भांड्यांचा आवाज आणि रात्रभर घरघर, हे दोन्ही त्या रंगीत पुस्तिकेत छापत नाहीत. आवडली नाही तर बॅगा उघडायच्या आधी बोल, नंतर बोललेलं गाऱ्हाणं ठरतं.

११. खोलीतली चादर, टॉवेल, अभ्रे सगळं दुधासारखं पांढरं असतं. म्हणून डोक्याला तेल लावलंस तर आपला जुना पंचा उशीवर टाक – खोबरेल तेल, मेंदी आणि उरलीसुरली हळद यांचे डाग निघाले नाहीत तर कपड्याचे पैसे बिलात येतात. दोन जुने पंचे नक्की ने. हसतील मेले, हसू दे.

१२. मंगळसूत्र, अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत ठेवून पाण्यात जा – गार पाण्यात बोट आक्रसतं, अंगठी केव्हा सरकली ते कळतही नाही. हिरवा चुडा उतरवायचा नसेल तर काचेचा चुडा घालून लाटांत खेळू नको, फुटला तर हात कापतो. देवाला सगळं दिसतं, तिजोरीतलंही.

१३. तिथे सूर्य आपल्याआधी उठतो आणि आपल्याआधी झोपतो – घड्याळ भारताचंच, पण बेटं कितीतरी पूर्वेला. डिसेंबरात पाचच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणून ‘सूर्यास्ताचं जेवण’ ठरवलं असेल तर साडेचारला तयार राहा. साडेसहाला नटूनथटून गेलीस तर काळोखात मेणबत्तीच दिसेल. आणि पहाटे उठायचा आळस करू नको. काळापत्थरच्या किनाऱ्यावर सूर्य समोरून वर येतो आणि त्या वेळी तिथे माणूस विरळा.

१४. निघायच्या आधी पंचांग उघड. हसू नको, हाच सगळ्यात मोठा कानमंत्र आहे. रात्री खारफुटीतून छोट्या होडीत बसवून नेतात, कायाकिंग म्हणतात त्याला. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि पाणी हललं की ते चमकतात. वल्हं बुडवलं की कढईत मोहरी तडतडावी तशा निळ्या ठिणग्या उडतात, हात घातला तर बोटांच्या फटींतून उजेड गळतो. पण चांदणं असलं की ते फिकं पडतं – म्हणून अमावास्येच्या आसपासची रात्र निवड, पौर्णिमेची नको. सगळ्या सहलीत पैसे खर्चावेत तर यावर. खोलीतल्या टबात गुलाबाच्या पाकळ्या टाकतात त्यावर नाही.

१५. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ रोज रिसेप्शनवर विचार – गोविंदनगर-विजयनगरच्या बाजूला ओहोटीला पाणी दूर जातं आणि धारदार दगड उघडे पडतात. तिथे पोहायला भरतीच पाहिजे. पाण्यात शिरावं पाय बघून, बाहेर यावं आभाळ बघून.

१६. जीवरक्षक बसलेला असेल तिथेच आणि मगरींसाठी लावलेल्या जाळीच्या आतच पोहायचं. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत – २०१० मध्ये राधानगरजवळ एका अमेरिकन तरुणीचा अशाच मगरीने जीव घेतला. राधानगर फार सुंदर आहे, टाइम मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं होतं. सुंदर आहे म्हणून शिस्त सोडायची नाही. आपल्या जंगलात वाघाची पाटी दिसली की आपण थांबतो, तसंच.

१७. स्कूबा करायचा तर आधी फॉर्म भरून घेतात, त्यात खरं लिही: दमा, कानाचं दुखणं, सर्दीसुद्धा. आणि आपल्याकडच्या माणसांसाठी खास – घरात कुणाला सिकलसेल असेल तर आधी तुमच्या दोघांची तपासणी झालीय का बघा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नका. शहरातला प्रशिक्षक हे आपणहून विचारेलच असं नाही, तुम्हीच सांगा.

१८. स्कूबानंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही – रक्तात मुरलेल्या हवेचे उंचावर बुडबुडे होतात. म्हणून समुद्राच्या पोटातले खेळ पहिल्या दिवसांत, मसाज आणि लोळणं शेवटी.

१९. वाळूतल्या बारीक माशा संध्याकाळी पायांना चावतात. घोट्यापर्यंत खोबरेल चोपड आणि काही झालं तरी खाजवू नको – डासांची तुला सवय आहे, पण या माशांची खाज आठवडाभर टिकते.

२०. एका दुपारी रिसॉर्टचं जेवण सोडा आणि गावातल्या बाजारात मासे-भात खा. हॅवलॉकची गावं फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची. आपल्या मुलचेरा तालुक्यातली बंगाली गावंही तशीच वसली – म्हणजे हॉटेलवाल्या काकूंशी मुलचेऱ्याची ओळख सांगितलीस तर मोहरीतल्या माशाचा एखादा तुकडा जास्त पडेल. एवढ्या लांबून जाऊन शेजारच्याच तालुक्यातल्या लोकांचे भाऊबंद भेटले तर हरखून जायचं.

२१. हत्तीची गोष्ट विचार. लाकडं ओढायला मुख्य भूमीवरून जहाजाने हत्ती नेले होते. ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पोहत जायचे. त्यातला राजन नावाचा म्हातारा हॅवलॉकच्या एका रिसॉर्टात राहायचा, समुद्रात पोहायचा, परदेशातून लोक त्याचे फोटो काढायला यायचे. २०१६ मध्ये गेला बिचारा. आमच्या कमलापूरच्या हत्तींनीही आलापल्लीचं सागवानच ओढलं, त्यांना तळ्यात डुंबताना तू शाळेच्या सहलीत पाहिलंस. तिथे जाऊन हे सांग – लोक तुझ्याकडे बघतच राहतील.

२२. श्री विजयपुरमला चाथमची आरागिरणी बघ, १८८३ ची आहे – आलापल्लीच्या पोरीने सागाखेरीज पडौकचं तांबडं लाकूडही एकदा हात लावून पाहावं.

२३. सेल्युलर जेल सहलीच्या पहिल्या दिवशीच बघा, शेवटी नाही – शेवटच्या दिवशी विमानाकडे लक्ष असतं. सावरकरांची कोठडी सगळे बघतात, तूही बघ. आणि इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आपल्या बाबूराव शेडमाक्यांचीही आठवण काढ – १८५८ मध्ये त्यांना चांद्याला फाशी दिली आणि त्याच वर्षी बंडातल्या कैद्यांची पहिली तुकडी अंदमानला उतरवली गेली.

२४. आता जरा कडक बोलते. बाराटांगची सहल विकतील, रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ‘नशीब असेल तर दिसतील’ असं एजंट डोळे मिचकावून सांगतो. ही सहल घेऊ नका. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं हा १९५६ च्या कायद्याने गुन्हा आहेच – पण कायदा बाजूला ठेव. हेमलकसाच्या वाटेवर गाडी थांबवून माडिया बायकांपुढे मोबाइल धरणारे पाहुणे आपण पाहतो आणि आपल्याला काय वाटतं ते तुला माहीत आहे. त्या गाडीत आपण बसायचं नाही. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघितल्या नाहीत म्हणून कुणाचा संसार अडलेला नाही.

२५. शिंपले, प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला असला तरी, बॅगेत टाकू नको – प्रवाळ वाघाच्याच बरोबरीने संरक्षित आहे, विमानतळावर बॅग उघडतात. वनखात्याच्या नाक्यावर वाढलेली पोर तू, तुला हे जास्त सांगायला नको.

२६. थोडी रोकड जवळ ठेव – चेन्नईहून समुद्राखालून सुमारे २३०० किलोमीटरची केबल २०२० मध्ये आली, तरी हॅवलॉकला एखाद्या दिवशी फोनही रुसतो आणि एटीएमही.

२७. खोली झाडणाऱ्या पोराचं नाव पहिल्या दिवशी विचार आणि बक्षीसही पहिल्याच दिवशी थोडं दे – जाताना दिलेल्या पैशाने पाण्याच्या दोन जादा बाटल्या मिळत नाहीत.

२८. एक अख्खा दिवस काहीही ठरवू नका. भांडण होईल ते याच दिवशी होईल, होऊ द्या – घरी सगळे ऐकायला असतात, तिथे फक्त खेकडे.

२९. आणि आल्यावर सगळे फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर एकदम टाकू नको, दहा-बारा निवडून टाक – आमच्या इथल्या नेटवर्कवर एकेक उघडायला चहा उकळून निवतो, आणि तुझी आजी पहिल्याच फोटोवर ‘पोर काळवंडली’ म्हणून बाकीचे बघणारच नाही.