जुन्या भयपटांच्या सहवासात

गेले काही महिने आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर जुने भयपट आणि रहस्यपट पाहण्याचा परिपाठ पडला आहे. मी, माझी आई आणि कॉलेजात जाणारी भाची असा आमचा प्रेक्षकवर्ग. भाचीने नव्या पद्धतीचे, रक्ताचे पाट वाहणारे चित्रपट भरपूर पाहिलेत. तिला कृष्णधवल काही रुचेल का, ही शंका मात्र लवकरच फिटली. या पाहण्यातून माझं एक मत पक्कं झालं: चांगला भयपट आपल्या रोजच्या घरावर उभा असतो. जिना, दार, जेवणाचं टेबल, घरातली माणसं. भूत असलंच तर ते नंतर येतं.

१. आधी घर दिसलं पाहिजे

फ्रिट्झ लँगचा 'एम' (१९३१) लहान मुलांचे खून करणाऱ्या माणसाचा चित्रपट आहे. सुरुवातीला मात्र आपण एका आईला धुणं धुताना पाहतो. घड्याळात बारा वाजतात. ती हात पुसते, टेबलावर लेकीचं पान मांडते. शाळा सुटायची वेळ झाली. जिन्यात पावलं वाजतात, पण त्या दुसऱ्याच मुली. बेल वाजते, तर क्रमशः कादंबरीचा नवा भाग विकायला आलेला माणूस. शेवटी ती जिन्याच्या कठड्यावरून वाकून हाक मारते, "एल्सी!" त्या हाकेवर लँग एकामागून एक रिकाम्या जागा दाखवतो: जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा पोटमाळा, टेबलावरची न उचललेली थाळी. मग झुडपातून चेंडू घरंगळत येतो आणि टेलिफोनच्या तारांत एक फुगा अडकतो. बस, एवढंच. सुरा नाही, किंकाळी नाही.

माझ्या आईला जर्मन येत नाही आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचायला ती कंटाळते. तिला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. "वाढून ठेवलंय गं तिने," एवढंच म्हणाली. भयपट म्हणजे काय, हे याहून नेमकं मी कुठे ऐकलेलं नाही.

२. कान उघडे ठेवावेत

'एम' हा लँगचा पहिला बोलपट. तरी आवाजाचा त्याने केलेला वापर आजही थक्क करतो. पीटर लोरीने रंगवलेला खुनी ग्रीगची एक धून शिळेवर वाजवतो, आणि त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा. डोळस पोलीस गावभर शोधत असतात.

हिचकॉकच्या 'सायको'तल्या (१९६०) न्हाणीघरातल्या प्रसंगाला मुळात त्याला संगीतच नको होतं. बर्नार्ड हरमनने केवळ तंतुवाद्यांवर ते चिरकणारे स्वर बांधले आणि हिचकॉकला ऐकवल्यावर त्याने मत बदललं. भाचीच्या हट्टापायी आम्ही तो प्रसंग आवाज बंद करूनही पाहिला. तेव्हा ती तुकड्यांची फार हुशार जुळणी वाटते. अंगावर काटा येत नाही. तीनच वर्षांनी त्याच जोडीने 'द बर्ड्स'मध्ये पार्श्वसंगीत जवळजवळ टाकूनच दिलं. विजेच्या वाद्यावर निर्माण केलेले पक्ष्यांचे आवाज, आणि मध्ये नुसती शांतता.

आपल्याकडे 'महल'चं (१९४९) उदाहरण आहेच. खेमचंद प्रकाश यांच्या एका गाण्यात दुरून जवळ येणाऱ्या आवाजाचा भास हवा होता. त्यासाठी लताबाई माइकपासून लांब उभ्या राहून गात गात पुढे आल्या, ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. यंत्राची करामत नाही, गाणाऱ्या बाईची पावलं.

३. झाकणं हा नियम नाही

'न दाखवता घाबरवणं श्रेष्ठ' असं सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) रात्री एकटी बाई बागेच्या भिंतीकडेने चालली आहे. तिच्यामागे दुसऱ्या टाचांचा आवाज. मग तो आवाज थांबतो. ती घाईने चालू लागते, आणि कानाशी फुत्कार येतो तो बसचा. निर्माता वॅल ल्यूटनकडे पैसे बेताचे होते, म्हणून सावल्या कामाला लावल्या, आणि चित्रपट तरला.

पण जॉर्ज फ्रांजूच्या 'आइज विदाउट अ फेस'मध्ये (१९६०) एक शल्यविशारद मुलीच्या जळलेल्या चेहऱ्यासाठी दुसरीचा चेहरा काढतो, आणि दिग्दर्शक नजर वळवत नाही. पेन्सिलीने आखलेली रेघ, त्यावरून फिरणारं शस्त्र, कपाळावर घाम. आई उठून आत गेली. मला मात्र ते दाखवणं योग्य वाटतं. इथली भीती त्या डॉक्टरच्या शांतपणात आहे, आणि तो शांतपणा कॅमेऱ्याने झाकला असता तर चित्रपट खोटा ठरला असता.

४. बाई खरं सांगते आणि कुणी ऐकत नाही

हे मला सर्वांत उशिरा उमगलं आणि आता प्रत्येक चित्रपटात दिसतं. 'द लेडी व्हॅनिशेस'मध्ये (१९३८) रेल्वेच्या प्रवासात एक वयस्क बाई नाहीशी होते. "अशी कुणी बाई नव्हतीच," असं डब्यातले सगळे सांगतात. कुणी कटात आहे म्हणून, कुणी क्रिकेटची मॅच चुकू नये म्हणून, कुणी स्वतःचं लफडं उघडं पडू नये म्हणून. तरुण नायिकेच्या डोक्याला मार बसलाय, एवढं कारण सगळ्यांना पुरतं. तिच्याजवळ पुरावा एकच: त्या बाईने खिडकीच्या धुरकट काचेवर बोटाने लिहिलेलं नाव. ते तिला पुन्हा दिसतं आणि गाडी बोगद्यात शिरताच पुसलं जातं. मला हा क्षण कुठल्याही भुताहून भीतीदायक वाटतो.

'गॅसलाइट'मध्ये (१९४४) संध्याकाळी दिवे मंद होतात आणि नवरा प्रेमळ आवाजात म्हणतो की, तुला भास होतात. इन्ग्रिड बर्गमनचे डोळे पाहावेत. आपल्यावरचा विश्वास उडत जाणं त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं. 'रोझमेरीज बेबी'त (१९६८) गरोदर नायिका अखेर एका तरुण डॉक्टरसमोर सगळं सांगते. तो ऐकून घेतो. पुढचं इथे लिहीत नाही.

आणि आपला 'पाठलाग' (१९६४). राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, काशिनाथ घाणेकर आणि भावना. बायको गेली हे पक्कं ठाऊक असलेला नवरा, आणि "मीच तुमची बायको" असं सांगणारी आरोपी. पुढे त्यावर हिंदीत 'मेरा साया' झाला. रंग आले, गाणी गाजली. तरी मला मूळ मराठीच जास्त भिडतो, कारण त्यात प्रश्न सजावटीखाली दबत नाही: स्वतःची ओळख सिद्ध करायची वेळ आली तर बाईने कुणाकडे जायचं?

५. सगळा उलगडा झालाच पाहिजे असं नाही

'सायको'च्या शेवटी मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून लांबलचक खुलासा करतो. माझ्या मते ती जागा चित्रपटातली सर्वांत कच्ची आहे. त्याच्या पुढच्याच वर्षीच्या 'द इनोसंट्स'मध्ये जॅक क्लेटन असलं काही करत नाही. भर दुपारी तळ्याकाठच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली बाई उभी दिसते, डेबोरा कर तिला पाहते, शेजारची मुलगी पाहत नाही. की पाहते आणि बोलत नाही? आमच्याकडे यावर तिघींची तीन मतं झाली आणि अजून ती जुळलेली नाहीत.

६. शेवट फोडू नये

क्लूझोच्या 'दियाबोलिक'च्या (१९५५) अखेरीस पडद्यावर पाटी येते: मित्रांना हे सांगू नका. मी पाळते. तुम्हीही पाळा.

७. पडद्यामागचंही माहीत असावं

'द बर्ड्स'च्या माळ्यावरच्या प्रसंगात यांत्रिक पक्षी असतील असं नायिका टिपी हेड्रनला सांगितलं होतं. प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले, डोळ्याजवळ जखम झाली. २०१६च्या आत्मचरित्रात तिने हिचकॉकच्या छळाबद्दल उघड लिहिलं. दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने 'रोझमेरीज बेबी'नंतर नऊ वर्षांनी अल्पवयीन मुलीशी शरीरसंबंधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि शिक्षेआधीच अमेरिका सोडली. हे वाचल्यावर मी चित्रपट पाहणं सोडलेलं नाही. पण पडद्यावर कुणी न ऐकलेल्या बाईबद्दल हळहळायचं आणि खरी बाई बोलली की "जुन्या गोष्टी कशाला" म्हणायचं, हे मला मान्य नाही. भाचीलाही मी हे सगळं सांगते, चित्रपट संपल्यावर.

कुणाला आता सुरुवात करायची असेल तर 'द लेडी व्हॅनिशेस'पासून करा. तो दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही आवडेल. 'एम' मात्र लहानग्यांना दाखवू नका. आणि काहीही पाहा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, एका बैठकीत पाहा. 'सायको' लागला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, अशी अटच हिचकॉकने चित्रपटगृहांना घातली होती.