हरिश्चंद्रगडाआधीचे सहा आठवडे

आठवी-नववीच्या मुलांना पहिल्यांदा मुक्कामी ट्रेकला न्यायचं असेल, तर हरिश्चंद्रगड निवडा आणि पाचनईची वाट धरा. नळीची वाट या वयासाठी नाहीच. खिरेश्वरहून तोलारखिंडीतून येणारी वाट सुंदर आहे, पण लांब पडते. अकोले तालुक्यातल्या पाचनईहून मुलांच्या चालीनं अडीच-तीन तासांत गडावर पोचता येतं. डिसेंबर-जानेवारीत ऊन सोसतं आणि वाट कोरडी असते. तंबू गावातच, एखाद्या घराच्या अंगणात किंवा कापणी झालेल्या शेतात, आधी विचारून लावावेत आणि पहाटे गड चढावा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याचे नियम आणि प्रवेशशुल्क आधी विचारून घ्या. गावातला वाटाड्याही तेव्हाच ठरवा.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करायची, आणि ती मुलांनी करायची. आईनं भरून दिलेल्या सॅकमध्ये टॉर्च कुठे आहे हे अंधारात त्या मुलाला सापडत नाही.

पहिले दोन आठवडे रोज तासभर भरभर चालणं पुरे. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर सॅक आणि जिने. पुण्यातल्या मुलांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेतच. चार-पाच फेऱ्या मारल्या की पोटऱ्या बोलायला लागतात. चौथ्या-पाचव्या रविवारी अतकरवाडीहून सिंहगड. त्या दिवशी ट्रेकचेच बूट आणि तेच मोजे हवेत. नवे कोरे बूट थेट मोहिमेला घालू देऊ नका. टाचेला चुरचुरायला लागलं की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावायची, हे याच चढणीवर शिकवा. फोड आल्यावर फार काही करता येत नाही. मुलं मागे पडायला नको म्हणून दुखणं लपवतात. 'थांबूया' म्हणणाऱ्याचं सगळ्यांसमोर कौतुक करा.

सिंहगडावर आणखी एक गोष्ट पाहून ठेवा: सगळ्यात हळू कोण चालतं. पाचनईला ते मूल दुसऱ्या क्रमांकावर, लीडच्या लगेच मागे चालेल आणि सगळ्यांचा वेग त्याच्यावर ठरेल. शेवटी चालणारा मोठा माणूस कुणालाही मागे सोडणार नाही. दर थांब्यावर मोजणी होईल, आणि ती मुलांनीच एकेक आकडा मोठ्यानं म्हणत करायची.

सहाव्या आठवड्यात सॅक. सगळं सामान वर्गात जमिनीवर मांडायला लावा. सॅकचं वजन मुलाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. ४२ किलोच्या मुलाला सात किलोची सॅक म्हणजे कमाल झाली. त्यातले दोन-अडीच किलो पाण्याचेच असतात. आधी आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची. तळाशी स्लीपिंग बॅग, जड वस्तू मध्यावर पाठीलगत, वर स्वेटर आणि विंडचीटर, वरच्या कप्प्यात टॉर्च, शिट्टी, औषधं. बाहेर काही लोंबकळत नको, करवंदीच्या जाळीत अडकतं. मग सॅक रिकामी करून डोळे मिटून पुन्हा भरायला सांगा. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि रात्री तंबूत तोच उपयोगी पडतो. तंबू शाळेच्या मैदानावर दोनदा लावून, काढून, घडी करून झालेला असावा.

मुलींशी शिक्षिकेनं आधी मोकळेपणानं बोलावं. पाळीची तारीख असो-नसो, पॅड, जुनी वर्तमानपत्रं आणि वापरलेलं परत आणायला घट्ट बंद होणारी पिशवी प्रत्येकीकडे हवी. शौचाला पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जायचं, वीतभर खड्डा खणायचा आणि माती लोटायची, हे मुलगे-मुली दोघांनाही सांगा. लाजून दिवसभर पाणी न पिणारी मुलं असतात. त्यांनाच चढणीवर गरगरतं.

खाणं साधं ठेवा. वाटेवर दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर. रात्री मुगाची खिचडी. माणशी मूठ-दीड मूठ तांदूळ आणि त्याच्या निम्मी डाळ. भाजी चिरणं, भांडी घासणं याच्या पाळ्या पुण्यातच लावून ठेवा. ओआरएसची पाकिटं न्या. ती संपली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

निघण्याआधी पालकांची सही, रक्तगट, दमा किंवा ॲलर्जीची नोंद आणि नेहमीची औषधं घ्या. गावात मोबाइलची रेंज कुठे मिळते ते वाटाड्याला विचारून ठेवा. ११२ आणि १०८ हे क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ हवेत. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. मुलाला चालू न देता उचलून लवकरात लवकर रुग्णालय गाठायचं. मधमाश्यांसाठी अत्तर, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य.

गडावर केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्याशी मुलांना निवांत वेळ द्या. चारातला एकच खांब शाबूत आहे, तो त्यांनाच शोधू दे. कोकणकड्यावर मात्र बोलण्याला जागा नाही. आधी मोठ्यांनी रेषा ठरवायची, मुलांनी तिच्या मागे बसूनच पाहायचं, फोटो मोठ्यांनी काढायचे. वारा जोराचा असेल तर कड्याकडे जाऊच नका.

परतल्यावर तंबू पुन्हा मैदानावर लावून वाळवायला सांगा. दवानं ओला झालेला तंबू तसाच गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांच्या कामाचा राहत नाही.