बाळाचे वजन आणि बाळाचे अंग



या पानावर आपण नेहमी बेणे, खत आणि पाणी यांचे बोलतो. या वेळी विषय घरातला आहे. वजनपावतीत जरा फरक पडला की आपण गटऑफिसला खेटे घालतो. पण सून बाळंत झाली तर बाळ किती किलो भरले, हे पुष्कळ घरांत कर्त्या पुरुषाला सांगता येत नाही.

जन्मतः अडीच किलोच्या आत भरलेले बाळ कमी वजनाचे समजतात. वजन पहिल्याच दिवशी करावे, कारण पुढच्या तीन-चार दिवसांत ते थोडे उतरतेच. दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरले, किंवा दोन आठवड्यांत भरून आले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

पण नुसत्या काट्यावर जाऊ नये. आठव्या महिन्यात तोडलेला ऊस हलका भरतो आणि बारा महिने उभा राहून पाण्यावाचून वाळलेलाही हलकाच भरतो. बाळाचे तसेच आहे. एक ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले असते, तर दुसरे पुऱ्या दिवसांचे पण पोटात उपाशी राहिलेले. शिवाय पावणेतीन किलो भरलेले बाळही पोटात आबाळ झालेले असू शकते.

हे ओळखण्यासाठी अमेरिकेतील डॉक्टर जॅक मेटकॉफ यांनी १९९४ साली नजरेने व हाताने करायची तपासणी मांडली. केस, गाल, मान-हनुवटी, दंड, छाती, पोट, पाठ, कुल्ले आणि पाय, अशा ९ जागांना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. ३६ पैकी २५ पेक्षा कमी आले तर पोषण कमी पडले असे धरतात. गुण देणे डॉक्टरांचे काम. पण कुल्ल्या-मांड्यांची कातडी सैल, गाल बसलेले, पोट खपाटीला आणि केस ताठ, विरळ, एवढे घरच्या आजीलाही दिसते. दिसले की दवाखान्यात सांगावे.

"आमच्यात सगळी पोरं बारीकच असतात" हे मला पटत नाही. १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडातील साऊदॅम्प्टन गावची साडेतीन. आपल्या बाळांत मांस कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. अशा बांध्याचा पुढे मधुमेहाशी संबंध लागतो. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध जास्त, त्यांची बाळे मोठी. ज्यांना कष्ट फार, त्यांची लहान. म्हणजे पाण्याची घागर आणि लागणीचे काम सुनेच्या अंगावरून काढणे हेही पोषणच झाले.

बाळ बारीक असेल तर आईच्या उघड्या छातीशी उबेत ठेवावे, अंघोळीची घाई करू नये. मधाचे बोट नको. वासराला तासाभरात चीक पाजतो. आईचे पहिले पिवळसर दूध मात्र पिळून टाकणारी घरे अजून आहेत! दोन किलोच्या आतले बाळ रुग्णालयातच न्यावे.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन वजन करतात. फडावरच्या कोपीत जन्मलेले बाळ मात्र बाहेरगावचे म्हणून त्यांच्या यादीतून सुटू शकते. ज्यांच्या फडात टोळी आहे त्यांनी मुकादमाकडे चौकशी करून त्याच दिवशी आशाताईंना निरोप पोचवावा.

— ऊस विकास अधिकारी