घास त्याच्याच हातांनी



'व्यवसायोपचार' हा शब्द ऐकून आपल्याला नोकरीधंदा आठवतो. पण जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे हाच मुलाचा व्यवसाय. अपंग मुलाला तो स्वतः करता यावा, यासाठी हा उपचार असतो. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू केले.

गावोगाव काम करणारे थेरपिस्ट मुलाच्या घरीच शिकवतात. आधी नीट बसवायचे : पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले. पकड येत नसेल तर चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करायचा. सदरा घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी.

आपल्या जालना जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मूल फडावर जाते किंवा आजीजवळ राहते. सराव तुटला की शिकलेले मागे पडते. म्हणून आईबरोबर आजीनेही हे शिकून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत व शाळांत मुलांना तपासतात. त्यांच्यापासून आपले मूल लपवू नये.

जे करून शिकायचे ते केल्यानेच येते, असे अॅरिस्टॉटलने सांगितले आहे. दयेपोटी आपण मुलाचे सगळेच करून देतो आणि त्याची शिकण्याची संधी हिरावून घेतो. भरवले तर जेवण पाच मिनिटांत आटोपते. स्वतः खाल्ले तर अर्धा तास लागेल, थोडे सांडेलही. तो अर्धा तास आपण त्याला देऊ या.